रीळ बदलेपर्यंत

सखाहरी अण्णा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मालकांनी तंबूत शोकसभा घेतली. नगरहून सिनेमाच्या धंद्यातली चार मंडळी आली होती. त्यांतल्या एकानं ‘चित्रपटव्यवसायाचा निष्ठावंत सेवक’ वगैरे भाषण ठोकलं. त्यानं अण्णांना जन्मात पाहिलं नव्हतं. मग मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "पंत, तुम्ही दोन शब्द बोला." दोन शब्द! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट दोन शब्दांत सांगितली नाही, त्याच्याबद्दल मी दोन शब्द बोलायचे? मला रागच आला. उठलो, फोटोला नमस्कार केला आणि खाली बसलो. घरी जाताना मात्र सगळं एकदम तोंडाशी आलं. तेव्हा बोललो नाही ते आता लिहितोय, आणि थोडक्यात तर मुळीच लिहिणार नाही.

आमचा फिरता सिनेमा होता. नगर जिल्ह्यात जिथं बाजार भरेल, जत्रा असेल तिथं आम्ही तंबू ठोकायचो. मी ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा. आमच्या घरात भिक्षुकी आणि कचेरीतली कारकुनी असली कामं चालत आलेली. मी सिनेमाच्या मशीनला हात लावला तेव्हा वडिलांनी माझ्या नावानं आंघोळ करायची तेवढी बाकी ठेवली होती. असो. मशीन एकच होतं, हे महत्त्वाचं. मोठ्या गावच्या थेटरात दोन असतात. एकावरचं रीळ संपलं की दुसरं सुरू होतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे रीळ संपलं की पडदा पांढरा. मग मी तापलेल्या मशीनला शिव्या देत जुनं रीळ उतरवणार, नवं चढवणार. तोवर पडद्यापुढं पेट्रोमॅक्स आणून ठेवायची आणि लोकांनी विड्या ओढायच्या. विड्या संपल्या की शिट्ट्या, आणि शिट्ट्यांनी भागलं नाही की ढेकळं.

अण्णा आम्हाला सापडले मिरजगावच्या बाजारात. लढाई चालू होती, वीज करणाऱ्या इंजिनाला तेल मिळवताना मालकांच्या नाकी नऊ आले होते. त्यात खेळ हिंदी, आणि तोही असला अवघड हिंदी की मलाच निम्मा कळेना. पहिलं रीळ संपलं आणि तंबूत कालवा सुरू झाला. "ती रडली कशापायी?" "त्यो तिचा भाऊ का नवरा?" "आरं, म्हातारा कोन मग?" तेवढ्यात जमिनीच्या तिकिटातून एक उंच माणूस उठला. धोतर, वर काळा कोट, डोक्याला तांबडा फेटा. सरळ पडद्यापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गप बसा रं! मी सांगतो."

आणि सांगितलं की हो! कोण कुणाचा, कुणाचं कुणावर मन आहे, म्हाताऱ्याच्या पोटात काय आहे, सगळं. मी रीळ चढवून तयार होतो, पण मलाही ऐकत राहावंसं वाटलं. शेवटी मालकांनी ओरडून मशीन सुरू करायला लावलं. पुढच्या रिळात अण्णांनी सांगितलं होतं त्याहून भलतंच काहीतरी घडलं. पण लोकांनी दोष दिला तो पडद्याला. खेळ सुटल्यावर मालकांनी त्यांना गाठलं. "हिंदी येतं वाटतं तुम्हाला?" अण्णा म्हणाले, "न्हाई बा. बैलाची तरी भाषा कुठं येती मला? तोंडाकडं बघितलं की कळतंय."

बैलांची दलाली हा त्यांचा मूळ धंदा. तो सोडून ते आमच्याबरोबर आले ते कायमचे, पण नजर दलालाचीच राहिली. नट कितीही नावाजलेला असो, अण्णा त्याला आधी बैलासारखा पारखायचे. "ह्यो गडी म्होरून पानीदार हाय, पन चालताना मागं वढतोय. नांगराला न्हाई चालायचा." एका नटीला तर त्यांनी भर तंबूत "शिंगं चांगली हायती, पन मारकी दिसती" असं म्हटलं होतं आणि बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट आली होती. त्यांचा एक नियम होता, तोही बाजारातलाच. जनावराची खोड आधी आपण होऊन सांगायची. "खोड आपनच दावली म्हंजी गिऱ्हाईक गुन सोता हुडकतं," असं ते म्हणायचे. म्हणून खेळ भिकार असला तर अण्णा सुरुवातीलाच सांगून टाकायचे, "मंडळी, मधली तीन-चार रिळं रटाळ हायती. तवर मी सांगतो त्यात भागवा." मालक कपाळाला हात लावायचे. लोक मात्र जागचे हलायचे नाहीत.

आवाज काही गोड नव्हता हो त्यांचा. फाटका, रखरखीत, पण इंजिनाच्या धडधडीवरून शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचायचा. त्याची निगा मात्र त्यांनी एखाद्या गवयासारखी ठेवली. कोटाच्या खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या कायम. खेळाच्या आधी जेवायचं नाही, नुसते फुटाणे. आणि माझ्या मशीनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही! मी कितीदा म्हटलं, या अण्णा, बघा तरी चित्र कुठून येतं ते. ते हात जोडायचे. "नगं, पंत. तुमचं मशीन बघितलं का माजा इस्वास उडंल. आन माजाच उडाला, तर लोकांना काय सांगू?"

एकदा आमच्याकडे डबे आले ते आधीच्या तंबूवाल्यानं उलटसुलट भरलेले. सहाव्याच्या डब्यात आठवं, आठव्याच्यात सहावं. मला कळायला मार्ग नाही. डब्यावर आकडा बघायचा आणि चढवायचं. झालं काय, आधीच्या रिळात हिरोचा बाप मेला. चांगला रीतसर मेला, तिरडी निघाली, बायका रडल्या. आणि पुढचं रीळ लावलं तर हिरोच्या लग्नात तोच बाप मांडवात बसून जिलेबी खातोय! तंबू उठून उभा राहिला. "आरं, ह्यो मेलाय ना?" "पैसं टाका माघारी!" मी मशीन थांबवलं. मालक पांढरेफटक. अण्णा पडद्यापुढं गेले, चेहरा अगदी शांत.

"कशाला वरडताय? तुमच्या गावात मेलेली म्हातारी मान्सं येत न्हाईत व्हय?"

"येत्यात की!" मागून कोणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं.

"मग? पोराचं लगीन हाय. बाप आल्याबिगर ऱ्हाईल का? त्याच्याकडं बघा, कुनी बोलतंय का त्याच्यासंगं? कुनाला दिसतच न्हाई त्यो. जिलबी बी आपली निवदाची खातुया."

लोक बसले. मी रीळ पुढं चालू केलं. आणि माझ्या नशिबानं पुढच्याच क्षणाला मुलीचा बाप त्या मेलेल्या म्हाताऱ्याला कडकडून भेटला. तंबूत पुन्हा खळबळ. अंधारातून अण्णांचा आवाज आला, "त्या याह्याला तेवढा दिसतुया. कारन याही बी आता जायला झालाय." सबंध खेळ संपेपर्यंत लोक त्या व्याह्याकडे हळहळून बघत होते. तो शेवटपर्यंत ठणठणीत राहिला ते पाहून एक आजोबा जाताना म्हणाले, "वाचला बिचारा."

आता त्यांच्या सकाळच्या फेरीबद्दल. नव्या गावात तंबू उभा राहिला की आम्ही सगळे झोपा काढायचो, अण्णा गावात जायचे. न्हाव्याकडे, पारावर, पाणवठ्यावर, जिथं बसू देतील तिथं बसायचे. गुळाचा चहा प्यायचा आणि ऐकायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं भावाशी बिनसलं, कोण वारलं. संध्याकाळी हे सगळं त्यांच्या सांगण्यात उतरायचं. पडद्यावरचा जमीनदार त्या गावच्या कुणासारखा तरी व्हायचा. नावं घ्यायचे नाहीत, पण लोक बरोबर ओळखायचे आणि मांड्यांवर थापा मारायचे. मी विचारलं होतं, ही रोजची पायपीट कशाला? म्हणाले, "पंत, आपुन त्यांच्या गावात पावनं. पावन्यानं घरात काय चाललंय ते बघूनच त्वांड उघडावं." या फेरीतूनच पुणतांब्याची गोष्ट घडली.

पुणतांबं गोदावरीच्या काठी. तिथं आम्ही जो खेळ घेऊन गेलो होतो तो आधी राहात्याला दाखवून झाला होता. सासुरवाशिणीचा खेळ. सगळे छळतात, ती सोसते, आणि शेवटच्या रिळात नदीत उडी घेते. मग नवरा तिची बांगडी हातात धरून रडतो. राहात्याला या जागी टाळ्या पडल्या होत्या. त्या दिवशी अण्णा फेरीहून परत आले. फुटाण्यांनाही हात लावला नाही. मी फारच मागं लागल्यावर म्हणाले, "पंत, ह्या गावात ह्यो खेळ नगं."

घाटावर त्यांना एक बाई भेटली होती, भागाबाई नावाची. रोज सकाळी येऊन पायरीवर बसायची. काही दिवसांपूर्वीच तिची लेक गेली होती, नदीपलीकडं दिलेली. सासरचा जाच सहन होईना म्हणून पोरगी आईकडं आली. आईनं चार दिवस ठेवून घेतली, समजूत काढली आणि पोचवून आली. मग ती नदीतच सापडली. भागाबाई अण्णांना एवढंच म्हणाली होती, "म्या धाडली मागारी. तिची काय विच्छा नव्हती."

अण्णांनी मालकांना सांगितलं, खेळ बदला. मालक म्हणाले, दुसरा खेळ मनमाडहून शनिवारच्या गाडीनं येणार, तोवर काय तंबूत भजन करू? आणि ती बाई कशाला येते सिनेमाला, घरी दुःख असताना? तेही खरं होतं. पण संध्याकाळी ती आली. शेजारणींनी हाताला धरून आणली, तेवढंच मन रमेल म्हणून. पहिलं रीळ संपलं, पेट्रोमॅक्स पुढं आली आणि बायकांच्या कनातीजवळ ती बसलेली अण्णांना दिसली.

त्या दिवशी अण्णांचं सांगणं काही रंगेना. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. दर रिळाला ते म्हणत होते, ही नटी मुंबईला मजेत आहे, हे सगळं सोंग आहे. असलं ते कधीही सांगत नसत. शेवटून दुसरं रीळ संपलं. मी शेवटचा डबा उघडला आणि मागं वळतो तर दारात अण्णा! माझ्या खोलीत. मशीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"पंत, ते लावू नगा."

तेवढ्यात मालक आले. "काय चाललंय? लावा रीळ."

"मालक, त्या माऊलीला पोरगी पान्यात जाताना दावायची? आन वर लोकांच्या टाळ्या घ्यायच्या?"

"अण्णा, अहो, शेवटचं रीळ म्हणजे खेळाचा जीव! ते नाही दाखवलं तर लोक तंबू पेटवतील. पंत, मशीन बिघडलं म्हणून तरी सांगा मग."

"बिघाडलं न्हाई," अण्णा म्हणाले. "खोटं कशापायी सांगायचं? मी सांगतो काय ते."

मालकांचा पारा चढला. "मग सांगा. पण उद्यापासून माझ्या तंबूत उभं राहायचं नाही!"

"बरं," अण्णा म्हणाले आणि गेले.

मी काय केलं? डब्याचं झाकण लावलं आणि इंजिनवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. एवढाच माझा पराक्रम.

धडधड थांबली तसा तंबू चमकून गप्प झाला. अण्णा म्हणाले, "मंडळी, शेवटचं रीळ हाय. डब्यात हाय. पन त्यात जे हाय ते मला पटत न्हाई, म्हून मी लावू देत न्हाई. ज्याला पटत नसंल त्यानं दाराशी जाऊन पैसं मागारी घ्यावं. ज्याला शेवट ऐकायचाय त्यानं बसावं." शिट्ट्या झाल्या. दोघं-तिघं तावातावानं उठले. मग पुरुषांच्या बाजूला कुजबूज फिरली. कोणीतरी कनातीकडे बोट दाखवलं असावं. उठलेले खाली बसले. एक म्हातारा म्हणाला, "सांगा."

अण्णांनी फेटा काढून हातात घेतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"पोरगी नदीवर आली. पायरीवर बसली. पानी बघत ऱ्हायली. मनात म्हनली, सासर आसलं, आन म्हायेरानं मागारी धाडलं. आता मी कुनाची? लई येळ बसली. आंधार पडला, थंडी वाजाय लागली. मग उठली. आन पान्यात न्हाई गेली. कडंकडंनं चालाय लागली. काटं मोडलं, पाय सुजलं. तांबडं फुटायला आईच्या दारात आली. आई चुलीम्होरं बसल्याली. आईनं वर बघितलं." अण्णा थांबले. इकडंतिकडं बघितलं. "आता आई काय म्हनली आसंल?"

मी खोलीच्या भोकातून बघत होतो. अण्णांनाही पुढचं ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

कनातीजवळून आवाज आला, अगदी साधा. "ती काय बी म्हनली न्हाई. तिनं भाकर वाढली."

भागाबाई बोलली होती. अण्णांनी मान हलवली. "भाकर वाढली," ते म्हणाले. "खेळ संपला, मंडळी." फेटा तसाच हातात धरून ते तंबूबाहेर निघून गेले. लोक उठून घराकडे निघाले. बाहेरगावचे दोन कापडवाले तेवढे दारावर पैसे मागत होते, ते मालकांनी मुकाट्यानं दिले.

मालकांनी अण्णांना काढलं नाही. मात्र त्या मुक्कामात ते त्यांच्याशी सरळ बोलले नाहीत. अण्णा शेजारी बसलेले असले तरी मला म्हणायचे, "पंत, त्यांना विचारा, चहा घेणार का." अण्णाही मला सांगायचे, "घेतो म्हना." आणि ते शेवटचं रीळ त्या गावात डब्याबाहेर आलंच नाही. लोकच म्हणायचे, अण्णांचा शेवट लावा.

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई तंबूवर आली. अण्णांपुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "अण्णा, मग म्होरं?"

"म्होरं ऱ्हायली की आईपाशी," अण्णा म्हणाले. "एक शेळी घेतली. चारायला न्हेती."

भागाबाईनं जरा विचार केला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आईवर राग आसंल का वो तिचा?"

मी दोरखंड गुंडाळत होतो, हात थांबला. आता हा माणूस हिला थोडा धीर देईल असं मला वाटलं. अण्णा म्हणाले, "हाय. लई हाय. जेवती, पन आईसंगं बोलत न्हाई."

"आसंलच," ती म्हणाली आणि उठून गेली.

मी भडकलो. "अण्णा, जिभेला काही हाड? त्या बाईनं एवढ्या आशेनं विचारलं. नाही म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"पंत, येका रातीत राग गेला म्हनलो आसतो, तर तिला पटलं आसतं का? ती काय येडी न्हाई. आपली पोर गेली हे तिला ठावं हाय. ती शिनेमातल्या बाईचं इचारती, कारन दुसऱ्या कुनाला काय इचारायची तिला सोय न्हाई. तितं मी खोटा बोललो, तर ती परत यायची न्हाई."

ती परत आली. दरवर्षी आमचा तंबू पुणतांब्याला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई हजर. आणि अण्णा त्या पोरीचं सालभराचं वर्तमान सांगायचे. त्याची तयारी ते वर्षभर करत. बैलगाडीतून सामान घेऊन आम्ही रखडत असायचो आणि हे मध्येच विचारायचे, "पंत, शिवनकाम शिकायला बाईमान्साला किती येळ लागतो वो?" मला काय ठाऊक! मग नगरला माझ्या बायकोला विचारून यायचे. शेळीला करडं कधी होतात, शिवणाचं मशीन हप्त्यानं मिळतं का, काहीही चुकायला नको. भागाबाई सगळं ऐकून घ्यायची, आणि शेवटी तोच प्रश्न. दुसऱ्या वर्षी अण्णा म्हणाले, "हाय राग. पन कामापुरतं बोलती." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, "हाय. पन डोकं इचरून घेती आईकडनं." त्या दिवशी भागाबाईनं पदर डोळ्यांना लावला. एवढ्या वर्षांत दोघांनीही त्या पोरीचं नाव म्हणून घेतलं नाही. ‘ती’ म्हणायचे, बस.

मग अण्णांचा घसा बसू लागला. आधी त्यांनी ज्येष्ठमध वाढवला, मग काढे केले. शेवटी मी ओढत नगरला डॉक्टरकडे नेलं. घशात गाठ होती. डॉक्टरांनी एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. मालकांनी सांगण्यासाठी एक मास्तर ठेवला. तो इतकं शुद्ध आणि मुद्देसूद सांगायचा की लोक झोपायचे. अण्णा गळ्याला मफलर गुंडाळून बाजूला पत्र्याच्या पेटीवर बसून राहायचे. घरी जा म्हटलं तरी गेले नाहीत. मला वाटलं, तंबूवाचून करमत नसेल. पण त्यांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. पुणतांबं जवळ येत होतं.

गाडीत त्यांनी माझा हात धरला आणि नुसत्या श्वासानं बोलले, "औंदा राग गेला, आसं सांगायचंय तिला. आता पटंल. तुमी सांगा."

"अण्णा, मला नाही जमायचं."

त्यांनी हात सोडलाच नाही. मग वाटभर माझी तालीम. मी म्हटलं, "यंदा त्या मुलीचा आपल्या आईवरचा राग पूर्णपणे निवळला आहे." अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "पंचांग वाचताय व्हय?" मी परत म्हटलं. परत डोकं धरलं. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मला भीती वाटली. ते गेले तर त्या बाईला कोण सांगणार, ही काळजी तेव्हा मलाही लागली.

भागाबाई आली ती दुपारी. मफलर बघितला आणि काही न विचारता समोर बसली. मी खाकरून सुरुवात केली. शेळ्या सांगितल्या, शिवणाचं मशीन सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण ऐकत होती असं वाटलं नाही. तिनं प्रश्न विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आणि आता तिचा आईवर राग नाही."

भागाबाईनं मान हलवली, नाही अशी. मग अण्णांकडे वळली. "अण्णा, तुमी सांगा. हाय का राग?"

मी म्हणणार होतो, अहो, त्यांना बोलायची बंदी आहे. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. मफलर सोडला, मांडीवर ठेवला. आणि कुठून आणला कोण जाणे, त्यांनी आपला आवाज आणला. फाटका, रक्ताळलेला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"गेला."

भागाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार. पण ती एकदम बोलायला लागली. "जायाचाच! आमच्या हौसाचा राग कंदी टिकायचाच न्हाई, अण्णा. बारकी आसताना रुसून कनगीमागं जाऊन बसायची. मी हाकच मारायची न्हाई. जरा येळानं आपली हळूच यायची आन मागनं गळ्याला मिठी मारायची. आन नथ बघा, नथ तर येकदा…" तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. हौसा. मुलीचं नाव हौसा होतं.

मग भागाबाई सांगत राहिली. हौसाचं चालणं, तिचं गाणं, तिनं विहिरीत पाडलेली कळशी, लग्नात मेंदी बघून ती कशी लाजली होती. इंजिनवाला येऊन मला दोनदा हाक मारून गेला. मी उठलो नाही. अण्णा पेटीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, हनुवटी तळहातावर टेकून, तोंड अर्धवट उघडं. ती हसली की हसत होते. ती थांबली की भुवया उंचावून विचारत होते, मग? म्होरं?